दम आणि दमडी



व्याख्यानमालेच्या मंडळींनी आम्हाला विषय दिला ‘ज्ञान आणि कौशल्य’. पत्रिकेवर तोच छापला आहे. विषय आम्ही सोडणार नाही, पण त्याच्याकडे जाण्याची वाट आज जरा आडवळणाची आहे. गेल्या महिन्यात आमच्या नातीचा फोन आला. ती इंग्लंडात शिकते. तिकडच्या विद्यापीठांत नाटकाचे, गिर्यारोहणाचे क्लब असतात, तसा पाण्यात बुडी मारणाऱ्यांचाही क्लब असतो. त्यांची देशव्यापी संघटना, ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब, १९५३ सालची. तिच्या शाखा कितीतरी विद्यापीठांत आहेत. आमच्या नातीनंही नाव घातलं. म्हणाली, “आजोबा, फी भरली आणि महिन्याचे पैसे संपत आले. आता स्वस्तात काय शिजवू ते सांगा. आणि दुसरं, खाली गेलं की कान फार दुखतात, त्याला काय करू?”

तिची आजी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, पोरीनं बरोबर माणसाला विचारलं. कारण हे दोन्ही प्रश्न पन्नासेक वर्षांपूर्वी, याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, आम्हाला एकाच वेळी पडले होते.

इथं एक खुलासा करतो. आम्ही बोलताना ‘आम्ही’ म्हणतो, त्यावर विद्यार्थी हसायचे. ते मोठेपणाचं आम्ही नव्हे. ते सात जणांचं आहे. १९६९ च्या जूनमध्ये आम्ही सात पोरं एका जुन्या वाड्याच्या माडीवर भाड्यानं राहायला आलो, आणि चार वर्षं तिथं राहिलो. त्या चार वर्षांत एकट्यानं काही केल्याचं आठवत नाही, म्हणून ती सवय लागली ती लागली.

अंबाजोगाई तेव्हा शिक्षणाचं गाव. आमच्या आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘मोमिनाबाद’च होतं, १९६२ साली नाव बदललं तरी त्यांनी मनावर घेतलं नाही. मुकुंदराजांची समाधी तिथं, दासोपंतांची समाधी तिथं. तत्त्वज्ञान शिकायला याहून चांगलं गाव कुठलं, असं आम्ही आज म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हतो. तेव्हा मुख्य प्रश्न होता संध्याकाळी खायचं काय.

खानावळ परवडत नव्हती. मग आधार एस.टी.चा. तुमच्यातल्या वयस्करांना आठवत असेल, गावाकडून डबा यायचा तो एस.टी.नं. ॲल्युमिनियमचा डबा, वर कापडाची गाठ, गाठीला चिठ्ठी. आई पहाटे उठून भाकरी थापायची, बाप नाहीतर भाऊ फाट्यावर जाऊन गाडीत द्यायचा, आणि आम्ही स्टँडवर वाट बघत उभे. केजचा डबा, परळीचा डबा, घाटनांदूरचा डबा. डब्यात काय आहे त्यावरून घरी काय चाललंय ते कळायचं. तेल कमी झालं की चटणी कोरडी यायची.

आमच्यातल्या एकाला डबा येत नव्हता. तो बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला. त्याचे आईवडील दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. घराला कुलूप. डबा पाठवणार कोण? पहिले काही दिवस तो स्टँडवर आमच्याबरोबर यायचा आणि आमचे डबे उचलू लागायचा. नंतर यायचा बंद झाला. म्हणाला, अभ्यास आहे. आम्हाला उशिरा उमगलं की अभ्यास नव्हता, संकोच होता. त्या दिवसापासून सगळे डबे एका परातीत उलटायचे असं ठरलं. आणि सात जणांना ते पुरेना, म्हणून स्वयंपाक सुरू झाला. आमच्या पाकशास्त्राची सुरुवात अशी आहे.

एक पंपाचा स्टोव्ह घेतला, जुना. रॉकेल रेशनकार्डावर मिळायचं आणि भाड्यानं राहणाऱ्या पोरांना कार्ड कुठलं? वाड्याच्या मालकीणबाई आपल्यातलं थोडं द्यायच्या, उरलेलं चढ्या भावानं. म्हणजे आमच्या स्वयंपाकात सगळ्यात महाग वस्तू डाळ नव्हती, ज्वारीही नव्हती. जाळ महाग होता. हे एकदा लक्षात आलं की स्वयंपाकाकडे बघण्याची दृष्टीच बदलते.

आता बघा, पाणी उकळायला लागलं की त्याखाली कितीही मोठा जाळ केला तरी ते जास्त तापत नाही. उकळतं पाणी शंभर अंशांच्या आसपासच राहणार. वाढलेला जाळ फक्त वाफ करतो. आणि वाफ करणं फार खर्चिक असतं. एक लिटर पाणी पंचवीस अंशांवरून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी वाफ करून उडवून द्यायला लागते. म्हणजे उघड्या पातेल्यात खळखळा डाळ उकळणारा माणूस रॉकेल जाळून खोलीची हवा दमट करतो, दुसरं काही नाही. उकळी आली की जाळ बारीक करायचा आणि झाकण ठेवायचं, एवढ्यानं आमचं रॉकेल दोन दिवस जास्त पुरायला लागलं. भात तर आम्ही अर्धाच शिजवायचो. उकळता उकळता पातेलं उतरवायचं, झाकण घट्ट लावायचं आणि गोधडीत गुंडाळून ठेवायचं. तासाभरानं उघडलं की भात तयार. आमच्या माडीवर एक गोधडी खास भाताची होती, तिला वासही भाताचाच यायचा. थंडीत तिच्यावरून भांडणं व्हायची.

ज्वारीच्या भाकरीचं शास्त्र आम्हाला कोणी सांगितलं नाही, ते हातानं शिकलो. गव्हात चिकटपणा देणारं जे द्रव्य असतं ते ज्वारीत नसतं. म्हणून कणीक जशी तिंबून लवचिक होते तसं ज्वारीचं पीठ होत नाही. ताज्या पिठाला थोडी ओढ असते. पीठ जुनं झालं की, आमच्याकडे म्हणतात, त्याची विरी जाते, मग भाकरी थापताना कडेनं फाटते. त्याला उपाय उकळतं पाणी. कढत पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ धरून राहतं. आमच्या पहिल्या महिन्याच्या भाकरीला सात कोपरे असायचे. माणशी एक, असं आम्ही म्हणायचो.

आणि येसर. येसर नसतं तर आम्ही पदवीधर झालो नसतो हे आम्ही गंभीरपणे सांगतो. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांना हा शब्द समजावून सांगावा लागतो, इथं नको. तरी मागच्या रांगेसाठी सांगतो. गहू, हरभऱ्याची डाळ, ज्वारी किंवा बाजरी, धणे, मिरच्या, खडा मसाला, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि एकत्र दळायचं. डब्यात भरलं की महिनोन्‌महिने राहतं. आमटी करायची तेव्हा ते पाण्यात कालवायचं, लसणाची फोडणी, एक उकळी, मीठ. दहा मिनिटांत सात जणांची आमटी. भाजण्या-दळण्याचं सगळं जळण आईनं गावाकडे चुलीवर आधीच खर्च केलेलं असतं. खोलीवर फक्त उकळी आणायची. आज बाजारात पाकिटातले झटपट पदार्थ मिळतात, त्यामागची कल्पना हीच आहे. फक्त येसरावर कोणाचं चित्र नसतं.

डाळ मात्र आठवड्यातून तीनदा हवीच, असा केजच्या गड्याचा आग्रह. तो विज्ञान शाखेचा. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो, आणि तो तुरीत, हरभऱ्यात, हुलग्यात भरपूर असतो. डाळींत जे कमी ते ज्वारीत मिळतं. म्हणजे भाकरी आणि वरण वेगवेगळं खाल्लं तर दोन्ही अपुरं, एकत्र खाल्लं तर पुरतं. हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं. आमच्या आईनं वाचलं नव्हतं, तरी ती भाकरीबरोबर हुलग्याचं माडगं किंवा तुरीचं घुटं द्यायचीच.

तूरडाळ उघड्यावर शिजायला पाऊण तास. म्हणून दुसऱ्या वर्षी वर्गणी काढून आम्ही एक जुना प्रेशर कुकर घेतला. त्याची रबरी कडी सैल होती, ती दोऱ्यानं नीट बसवली. हा कुकर पुढं विहिरीत उतरल्यावर पुन्हा आठवायचा आहे, म्हणून त्याला इथंच ठेवतो.

आता विहीर.

आमच्या मुलखात पोहणं म्हणजे विहीर. आमच्याकडे ‘पवणं’ म्हणतात. समुद्र आम्ही भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेला. बीडकरांना विहिरीचं कौतुक सांगायला नको. सोळाव्या शतकात, निजामशाहीत, सलाबतखानानं बांधलेली खजाना विहीर आजही शहराबाहेर आहे. राजा भास्कर नावाच्या माणसानं ती रचली, आणि जमिनीखालच्या नाल्यांतून तिचं पाणी मोटेशिवाय शेतात जातं. अंबाजोगाईतही जुन्या बारवा आहेत. पण आमची विहीर यातली नव्हे. गावापासून दोन-अडीच मैलांवर एका शेतातली, दगडी बांधणीची, साधी. मोट बंद होऊन इंजिन बसलं होतं, थारोळं नुसतं उरलं होतं. पावसाळ्यानंतर तिच्यात पाच परस पाणी असायचं. परस हे माणसाच्या उंचीवरून आलेलं माप, साधारण सहा फुटांचं. म्हणजे तीस फूट पाणी.

दर रविवारी आम्ही तिथं. इंग्लंडातल्या क्लबला अध्यक्ष असतो, चिटणीस असतो, विमा असतो. आमच्या क्लबला वाळका भोपळा होता. नवशिक्यानं तो पाठीला बांधायचा. काही ठिकाणी पांगाऱ्याचं लाकूड बांधतात, ते हलकं असतं. भोपळ्यात हवा असते म्हणून माणूस वर राहतो, हे सगळ्यांना माहीत. पण भोपळ्याचं खरं काम वेगळं. तो भीती वर धरून ठेवतो. माणसाचं शरीर पाण्यापेक्षा फारसं जड नसतंच. छातीत हवा भरलेली असली तर बहुतेक जण तरंगतात. बुडतो तो हातपाय झाडून, डोकं पाण्याच्या वर उचलण्याच्या धडपडीत. डोकं जेवढं वर काढाल तेवढा बाकीचा देह खाली. हे वाक्य मी शंभर वेळा सांगितलं तरी तुम्हाला पोहता येणार नाही.

इथं आमचा छापील विषय आला. गिल्बर्ट राइल नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात एक भेद नीट मांडला: एखादी गोष्ट अशी आहे हे माहीत असणं वेगळं, आणि ती करता येणं वेगळं. आपण समजतो की आधी डोक्यात नियम येतो, मग हात तो पाळतो. राइल म्हणतो, तसं असेल तर नियम लावण्याचाही एक नियम लागेल, त्याला आणखी एक, आणि माणूस काठावरच उभा राहील. ॲरिस्टॉटलनं फार पूर्वी तेच साध्या शब्दांत सांगितलं होतं: घर बांधून गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो. एम. ए.ला औरंगाबादला राइल वाचताना आम्हाला तो अवघड वाटला नाही. आम्ही त्याला विहिरीच्या काठावर आधीच भेटलो होतो. मात्र एका ठिकाणी आमचा राइलशी मतभेद आहे. करता येतं तेवढ्यानं भागत नाही. काही गोष्टी माहीत नसल्या तर करता येणाराच मरतो. त्याकडे येतोच.

आधी कान. विहिरीच्या काठावरून वीसेक फूट खाली पाण्यात सूर मारला, तर पडायला एक सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि पाण्याला भिडताना वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या जवळ असतो. म्हणून हात पुढे, डोकं हातांच्या मध्ये. पोट आधी लागलं तर संध्याकाळपर्यंत लाल. सूर मारून खाली गेलं की कान दुखायला लागतात. कारण पाण्याचं वजन. दर दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट खोलीला, एका वातावरणाइतका दाब वाढतो. बाहेरून तो कानाच्या पडद्याला आत ढकलतो. पडद्यामागे जी हवा असते ती नाकाच्या मागून येणाऱ्या एका बारीक नळीतून येते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकलं की त्या नळीतून हवा आत जाते आणि पडदा जागेवर येतो. या युक्तीला इटालियन शरीरशास्त्रज्ञ वाल्साल्वाचं नाव आहे. आम्हाला ती घाटनांदूरच्या मित्रानं शिकवली, त्याला त्याच्या चुलत्यानं. दुखायच्या आधी करायचं, दुखल्यावर नाही. आणि सर्दी असेल तर बुडीच मारायची नाही, कारण नळी बंद असते.

छातीचंही तसंच. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं, हा बॉइलचा १६६२ चा नियम. आमच्या विहिरीच्या तळाशी छातीतली हवा जवळजवळ अर्ध्या जागेत बसलेली असायची. म्हणून वर माणूस तरंगतो, आणि खोल गेला की विहीरच त्याला खाली ओढायला लागते.

आता कुकर आठवा. शिट्टी होण्याच्या बेतात असलेल्या कुकरच्या आत बाहेरच्यापेक्षा जेवढा जादा दाब असतो, तो साधारण एका वातावरणाइतका. म्हणजे आमच्या विहिरीच्या तळाला जेवढा जादा दाब, जवळपास तेवढाच आमच्या कुकरमध्ये. त्या दाबाखाली पाणी शंभरऐवजी एकशेवीसच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ पाऊण तासाऐवजी दहा-बारा मिनिटांत शिजते. हे साम्य आम्हाला केजच्या गड्यानं एका रात्री सांगितलं, आणि आम्ही सगळे कुकरकडे बघत बसलो. नातीला हे सांगितलं तर ती पटकन म्हणाली, म्हणजे मी आत्ता डाळ आहे. तिची विनोदबुद्धी आजीकडून आली.

आता आम्हाला जी गोष्ट सांगायला जड जाते ती सांगतो.

आमच्यातला एक माजलगावकडचा. त्याला पोहता येत नव्हतं. विहिरींच्या मुलखात वाढून येत नव्हतं, कारण त्याच्या गावात त्याच्या वस्तीतल्या पोरांना कुठलीच विहीर मोकळी नव्हती. महाडला चवदार तळ्याचं पाणी १९२७ साली हातात घेतलं गेलं. अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला. त्यात विहिरी, पाणवठे, सगळं लिहिलेलं आहे. आमची गोष्ट १९७० च्या हिवाळ्यातली.

त्या रविवारी मालक स्वतः विहिरीवर होते. एकेकाला गाव, आडनाव विचारत गेले. माजलगावकरानं आपलं सांगितलं. मालक ओरडले नाहीत, चिडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, “बाकीच्यांनी पवावं. तुम्ही वरी बसा. घरच्यांला प्यायचं पाणी हाय.” आमच्या पायांचा चिखल आणि अंगाचा घाम त्याच पाण्यात जात होता, त्याला हरकत नव्हती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आणि आम्ही सहा जण उतरलो.

तो थारोळ्याच्या कडेला आमच्या कपड्यांजवळ बसून होता.

संध्याकाळी स्वयंपाकाची पाळी त्याची होती. त्यानं भाकरी केल्या, येसराची आमटी केली, आम्ही जेवलो. आम्हाला वाटलं विषय संपला. एका ताटात जेवतो म्हणजे आपलं सगळं ठीक आहे, असं आम्ही समजत होतो. भांडी घासताना तो म्हणाला, “एकानं जरी कपडे घातले असते…” आणि पुढं बोलला नाही. बादली उचलून खाली गेला.

पुढच्या रविवारपासून आम्ही त्या विहिरीवर गेलो नाही. यात मोठेपणा नाही. मोठेपणा त्या दुपारी दाखवायचा होता. मग लांबचा एक नदीचा डोह शोधला, दीड तास चालत. डोह कोणाच्या सात-बाऱ्यावर नव्हता. तिथं त्याच्या पाठीला भोपळा बांधला. दोन महिन्यांत तो पोहायला लागला, पण बुडी मारायला कधी उत्साही नव्हता. काठावर बसून मोजायचा. कोण किती वेळ खाली राहतो, ते मोठ्यानं.

केजच्या गड्याला आम्ही पाणबुड्या म्हणायचो. त्याचा दम सगळ्यांत मोठा. त्यानं एक युक्ती काढली होती: बुडीच्या आधी पंधरा-वीस वेळा भराभर खोल श्वास घ्यायचे, मग खाली जास्त वेळ राहता येतं. खरंच राहता यायचं. एके दिवशी तो खाली गेला, माजलगावकर मोजत होता. नव्वदच्या पुढे पाणबुड्याचं डोकं वर येताना दिसलं, अगदी हातभर पाण्याखाली, आणि तिथंच थांबलं. आम्ही हसत होतो. वाटलं, सोंग करतोय. मोजणारा हसत नव्हता. तो ओरडला, “त्याचे हात हालत नाहीत!” आणि दोर फेकून स्वतः कमरेपर्यंत पाण्यात शिरला. दोघांनी पाणबुड्याला ओढून काढलं. ओठ निळे. पालथा घातला, पाठीवर थापट्या मारल्या, काय काय केलं आठवत नाही. त्यानं श्वास घेतला. डोळे उघडून म्हणाला, “किती झाले?”

विज्ञानाच्या त्या विद्यार्थ्यालाही तेव्हा जे माहीत नव्हतं, ते आम्हाला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी झाला म्हणून नव्हे. मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. शरीराची घंटा त्या वायूला बांधलेली आहे. भराभर श्वास घेऊन तुम्ही प्राणवायू फारसा वाढवत नाही, कारण रक्त आधीच प्राणवायूनं जवळजवळ भरलेलं असतं. तुम्ही फक्त कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकता, म्हणजे घंटेची दोरी कापता. मग प्राणवायू संपत आला तरी काही वाटत नाही. त्यात खोलीचा दाब फसवतो: तळाशी दाबामुळे उरलेला प्राणवायू मेंदूला पुरत असतो, वर येताना दाब झपाट्यानं उतरतो आणि शेवटच्या काही फुटांत माणूस बेशुद्ध होतो. पृष्ठभागाच्या हातभर खाली. चांगले पोहणारेच असे जातात. नवशिक्या आधीच घाबरून वर येतो. राइलशी आमचा मतभेद हा.

अशीच घंटा न वाजणारी दुसरी जागा म्हणजे बंद खोलीतली शेगडी. थंडीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह ठेवून झोपू नका. अपुऱ्या जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून घट्ट धरून ठेवतं. माणूस झोपेतून उठत नाही. आणि तिसरी जागा आपल्या जिल्ह्यातली: पडीक विहीर. तिच्या तळाशी जड वायू साचतो, प्राणवायू उरत नाही. गाळ काढायला एक उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. जुनी माणसं आधी पेटता कंदील सोडायची. विझला तर उतरायचं नाही. न विझला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही; पण विझल्यावरही उतरणारे आहेत.

त्या रात्री खोलीवर कोणी बोलत नव्हतं. भाताचं पातेलं गोधडीत होतं. घाटनांदूरकर म्हणाला, “दम लागू द्या त्याला.” भाताला म्हणाला की पाणबुड्याला, कळलं नाही. मराठीत ‘दम’ हा शब्द मोठा गंमतीचा आहे. फारसीतून आलेला ‘दम’ म्हणजे श्वास. तो आपण पाण्याखाली धरतो, भाताला देतो, पोरांनाही देतो. आणि संस्कृतातला ‘दम’ म्हणजे इंद्रियनिग्रह. वेदान्तात शम आणि दम जोडीनं येतात. दोन वेगळ्या मुलखांतले शब्द मराठीत येऊन एकाच घरात राहिले, आणि आता कोण कुठला ते ओळखू येत नाही. ‘दम धर’ असं आई म्हणते तेव्हा ती श्वास म्हणते की संयम? दमडीचं कूळ मात्र वेगळं: ती दामाची धाकटी, आणि दाम हा ‘द्रम्म’ या जुन्या नाण्यावरून, थेट ग्रीकांच्या द्राख्मापर्यंत जाणारा. आमच्या चार वर्षांत दम पुष्कळ होता, दमडी नव्हती.

१९७२ ला पाऊस आलाच नाही. त्याआधीची वर्षंही कोरडीच होती. डोह आधी गुडघाभर झाला, मग चिखल, मग भेगा. क्लब बंद करायचा ठराव लागला नाही. आमच्या जुन्या विहिरीचा तळही उघडा पडला म्हणे. आम्ही बघायला गेलो नाही. डबे येणं थांबलं. आता सातही जण त्या डोंगरपट्ट्यातल्या मित्रासारखे झालो, आणि गंमत म्हणजे तोच आम्हाला शिकवत होता. किती पाण्यात किती येसर, कण्या कशा शिजवायच्या, एक कांदा सात जणांत कसा करायचा. सुट्टीत आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडली. गावात सुकडी वाटली जायची. रेशनला अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिच्या पिठाला विरी नावालाही नव्हती. पण कढत पाण्याची युक्ती आमच्या हाताला होतीच, म्हणून आमच्या माडीवर मिलोची भाकरी तुटली नाही. वाड्यातल्या बायका पोरांना विचारायला यायच्या, कशी थापता. आमच्या आयुष्यातलं पहिलं अध्यापन ते.

पाणबुड्या पुढं डॉक्टर झाला. माजलगावकर शिक्षक झाला. त्यानं आपल्या शाळेतल्या सगळ्या पोरापोरींना पोहायला शिकवलं, मुलींनाही, त्या काळात. ‘एकानं जरी कपडे घातले असते’ याचं पुढचं वाक्य आम्ही त्याला कधी विचारलं नाही. तो गेल्या वर्षी गेला. आता विचारायची सोय नाही.

नातीला आम्ही तीन गोष्टी सांगितल्या. एकटीनं बुडी मारायची नाही, वर कोणीतरी मोजत हवं. बुडीच्या आधी भराभर श्वास घ्यायचे नाहीत. आणि नाक धरून हळू फुंकायचं, दुखायच्या आधी. तिच्या क्लबच्या शिक्षकांनी हेच सांगितलं होतं म्हणाली. मग आजोबांना कशाला विचारलंस, तर म्हणाली, खात्री करून घेतली. येसर तिच्या आजीनं भाजून, दळून, दोन किलो पाठवलं. तिच्या खोलीतली सगळी पोरं आता ते खातात. त्यात एक स्पॅनिश आहे, त्याला तिखट लागतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. बाहेर एका ताईंनी मघाशी येसराचं प्रमाण विचारलं, ते सांगून बसतो. गहू एक वाटी, हरभऱ्याची डाळ एक वाटी, बाजरी अर्धी, धणे अर्धी, मिरच्या आपापल्या घराप्रमाणे. सगळं वेगवेगळं भाजा; एकत्र भाजलं तर धणे जळतात आणि डाळ कच्ची राहते.